माझ्या नावाची घसरगुंडी

नवरा घरात शिरला तोच हसत. बाळ माझ्या मांडीवर नुकतं कुठे पेंगायला लागलं होतं, म्हणून त्याने बूट दाराबाहेरच काढले, चवड्यांवर चालत आला आणि कानाशी कुजबुजला, "आज नवीने काय वर्णन लिहिलंय! ऐकशील तर खूश होशील."

मी खूश होणार नव्हते. हे त्याला कळायला हवं होतं. पण नवऱ्यांना जे कळायला हवं ते सोडून बाकी सगळं कळतं.

नवी म्हणजे माझ्या जागेवर आलेली मुलगी. तिला चांगलं नाव आहे, पण बाळंतपणाच्या रजेवर निघताना मी तिला एकदा 'ती नवी' म्हटलं आणि आमच्या घरात तेच रूढ झालं. माझी खुर्ची, माझा खिडकीकडचा कोपरा, माझा चहाचा कप आणि टेबलाच्या पलीकडे बसणारा माझा नवरा, हे सगळं तिच्या हवाली करून मी घरी आले होते. त्यातला नवरा तेवढा रोज संध्याकाळी परत मिळायचा.

आमचं ऑफिस एक सॉफ्टवेअर बनवतं. त्यात कितीही माणसांना एकाच पानावर एकत्र लिहिता येतं. ते कोण वापरतं, किती वेळ, कुणाबरोबर, याचे आकडे सतत साठत असतात. पूर्वी ज्याला आकडा हवा तो आमच्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. आता एआयचा मदतनीस आहे. त्याला साध्या भाषेत विचारायचं, तो आणून देतो. पण हा मदतनीस म्हणजे परक्या स्वयंपाकघरात उभा केलेला पाहुणा. फळीवर डबे आहेत, डब्यांत आकडे आहेत, आणि याला झाकण उघडून वास घेता येत नाही. डब्यावरची चिठ्ठी वाचायची आणि तेवढ्यावरून ठरवायचं, हा घ्यावा की तो. या डब्यांना आम्ही साधनं म्हणतो आणि चिठ्ठीला वर्णन. ती वर्णनं मी लिहायचे. मग नवरा मदतनीसाला उलटसुलट प्रश्न विचारून बघायचा, साखर मागितली की साखरच आणतो का मीठ. आमचं लग्नसुद्धा त्या टेबलावरच जमलं, साखर आणि मीठ करता करता.

"बरं, काय लिहिलंय?" मी म्हटलं. विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं.

"तुझं ते 'सोबतीची वेळ' या साधनाचं वर्णन आठवतं? हे एवढं लांब? तिने दोन ओळींत आणलं. 'दोन व्यक्ती एकाच पानावर किती वेळ सोबत होत्या ते सांगतं. जोड्या आणि गट यांच्याबद्दलच्या प्रश्नांना वापर.' बास. इतकं सुटसुटीत! मदतनीस आता पहिल्या फटक्यात बरोबर डबा उचलतो."

"आणि माझं काय वाईट होतं?"

"वाईट नव्हतं गं." त्याने बाळाच्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरला. "जरा आजीबाईसारखं होतं. इकडे जाऊ नको पडशील, तिकडे जाऊ नको चावेल."

बाळाचं डोकं खांद्यावर घेतलं आणि त्याच्या मानेच्या वळीत नाक खुपसलं. दुधाचा आंबूस वास. जगात एवढी एकच गोष्ट होती जी नवीला सुटसुटीत करता येणार नव्हती.

त्यानंतर नवी आमच्या घरात रोज यायची, म्हणजे त्याच्या तोंडून. नवी म्हणते, वर्णनात क्रियापद आधी यावं. नवी म्हणते, एका साधनाने एकच काम करावं. एकदा बाळाला अंघोळ घालताना तो म्हणाला, "नवी म्हणते, पाणी..." आणि मी अशी काही मान वळवली की त्याने पुढचं वाक्य पाण्यातच सोडून दिलं. नवीला पाण्याबद्दलही मत होतं की नाही ते मला आजतागायत कळलेलं नाही.

माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, त्या दिवसभर आमच्याकडेच असायच्या. त्यांचं बारीक लक्ष असे. "आज भांडी फार आपटताहेत गं," त्या म्हणायच्या, "हातातून निसटतात, की मनातून?"

रजा संपत आली तसा नवरा एके संध्याकाळी अवघडून माझ्याजवळ येऊन बसला. त्याचं अवघडणं मला लांबून ओळखू येतं. तो आधी पाणी पितो, मग पेला उगाच फिरवत बसतो.

"मॅडम नव्या कामासाठी जोड्या ठरवताहेत," तो म्हणाला. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या मुख्य. "वर्षभराचं काम आहे. कुणाची जोडी जमते ते त्यांनी मदतनीसालाच विचारलं."

"मग?"

"त्याने माझं आणि नवीचं नाव सांगितलं. सोबत सगळ्यात जास्त काम करणारी जोडी म्हणून." पेला फिरला. "सोमवारच्या मीटिंगमध्ये पक्कं होईल. तुला तक्रार विभाग देणार आहेत. म्हणजे बघ, तिथे वेळा सोयीच्या आहेत. बाळाच्या दृष्टीने..."

"बाळाने मागितलाय का तक्रार विभाग?"

"तसं नाही गं."

"माझी खुर्ची गेली, असं सरळ सांग ना. बाळाच्या अंगावरून कशाला चालत येतोस?"

बाळ झोपेत दचकलं. आम्ही दोघांनीही एकदमच त्याच्यावर हात ठेवला आणि माझ्या हाताखाली त्याचा हात आला. मी माझा काढून घेतला.

तर गोष्ट एवढीच होती. सोमवारपर्यंत काही झालं नाही तर माझं काम जाणार होतं. जे मला येतं, जे मला आवडतं, आणि ज्या टेबलापलीकडे तो बसतो ते. आणि ते माझ्या हातून कुणी हिसकावून घेतलं नव्हतं. एका आकड्याने अलगद उचलून दुसरीच्या ओंजळीत ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ जेमतेम झोपलं. एक हात त्याच्या पोटावर ठेवून दुसऱ्या हाताने मी लॅपटॉप उघडला. रजेवर असले तरी माझं खातं चालू होतं. आणि ऑफिसातली माणसंही आमचंच सॉफ्टवेअर वापरतात, म्हणजे आमचे स्वतःचे आकडेही त्याच डब्यांत. मी मदतनीसाला विचारलं. एका हाताने, चुकत चुकत. नवऱ्याचं नाव घातलं, नवीचं नाव घातलं, आणि लिहिलं: 'हे दोघं गेल्या महिन्यात संध्याकाळी किती वेळ एकत्र होते? खरं सांग.'

'खरं सांग' कशाला लिहिलं, देव जाणे. यंत्राला काय शपथ घालायची! पण हात थांबला नाही.

त्याने क्षणभरात उत्तर दिलं, अगदी नम्र. या दोन व्यक्ती जवळजवळ रोज संध्याकाळी, ऑफिस सुटल्यानंतर, एकाच पानावर सोबत होत्या. त्यांची सोबतीची वेळ ऑफिसातल्या इतर कोणत्याही जोडीपेक्षा जास्त आहे. खाली तारखांची रांग.

संध्याकाळी, ऑफिस सुटल्यानंतर. म्हणजे तो घरी असताना. 'थोडं काम उरलंय' म्हणून तो आतल्या खोलीत जायचा, आणि मी बाहेर बाळाला पाजत बसायचे. मधे एक भिंत. भिंतीपलीकडे ते दोघं एका पानावर. मला वाटलं होतं तो आकडे तपासतोय. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बरं, रडावं म्हटलं तर बाळ जागं होणार. मी ओठ चावून बसून राहिले, आणि माझ्या तळहाताखाली त्याचं पोट शांतपणे वरखाली होत राहिलं, जणू घरात काही घडलंच नाही.

संध्याकाळी तो आला. मी जेवायला वाढलं, तोंडातून शब्द काढला नाही.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"कुठे काय?"

"मीठ विसरलीयेस."

"ज्याच्याबरोबर संध्याकाळ घालवतोस त्याच्याकडे माग."

त्याने आईंकडे पाहिलं. आईंनी छताकडे पाहिलं. "माझ्याकडे काय बघतोस?" त्या म्हणाल्या. "मी तर तुझ्याबरोबर सकाळसुद्धा घालवत नाही."

तो उठून आतल्या खोलीत गेला. नेहमीप्रमाणे. पण मिनिटभरातच बाहेर आला, बाळाला माझ्याकडून घेतलं आणि गॅलरीत फेऱ्या मारत राहिला. तिथूनच त्याचं गुणगुणणं ऐकू येत होतं. बेसूर. त्या बेसूर गुणगुणण्याचाही मला राग आला, कारण ते ऐकून बाळ लगेच शांत झालं.

सकाळी तो गेल्यावर मी ती तारखांची रांग पुन्हा उघडली. मत्सराला भूक फार. एकदा वाढून भागत नाही, पुन्हा ताट पुढे करतो. एकेक तारीख घेऊन मी आठवत बसले, त्या दिवशी तो काय म्हणाला होता, कधी आत गेला होता, चेहरा कसा होता. आणि मधल्याच एका तारखेवर माझं बोट थबकलं.

त्या संध्याकाळी आम्ही दवाखान्यात होतो. बाळाची लस होती. डॉक्टर उशिरा आले, बाहेरच्या बाकावर आम्ही ताटकळलो. सुई टोचली तेव्हा बाळाला त्यानेच धरलं होतं. माझा धीर झाला नव्हता. बाळाने त्याच्या शर्टाचं बटण मुठीत धरून असा काही टाहो फोडला की हा बाप्याही रडला. नर्स म्हणाली, "आता लस कुणाला देऊ?" त्या पूर्ण संध्याकाळी त्याच्याजवळ लॅपटॉप सोडा, रुमालसुद्धा नव्हता, बाळाच्या दुपट्याला डोळे पुसले होते.

आणि मदतनीसाच्या म्हणण्याप्रमाणे त्या पूर्ण संध्याकाळी तो नवीच्या सोबत होता.

मी 'सोबतीची वेळ'चं वर्णन उघडलं. नवीच्या दोन सुबक ओळी. आणि मला दिसलं काय गेलंय ते. माझ्या त्या आजीबाई वर्णनात एक वाक्य होतं: पान उघडं ठेवून माणूस निघून गेला तरी ही वेळ मोजली जाते, म्हणून कामाबद्दलच्या प्रश्नांना हे साधन वापरू नये. नवीने ते कापलं होतं. चिठ्ठीवरून तेवढी ओळ पुसली गेली आणि पाहुण्याने उघड्या पानांनाच माणसं समजून मॅडमपुढे ठेवलं.

जीव भांड्यात पडला का? पडायला हवा होता. नवरा निर्दोष निघाला होता. पण खरं सांगायचं तर आधी मनात आलं ते वेगळंच. चुकली! नवी चुकली! मी लॅपटॉप बाजूला ठेवून बाळाला उचललं आणि खोलीभर नाचले. आई दारात येऊन म्हणाल्या, "लॉटरी लागली का?"

"त्याहून मोठं, आई."

"मग मीठ घाल आज."

आता फक्त आकडा फसवा आहे असं मॅडमना कळवलं, की जोडी मोडली आणि खुर्ची माझी. पण आमच्या ऑफिसात एक रीत आहे. वर्णन चुकीचं आहे असं नुसतं म्हणून चालत नाही. मदतनीस कोणत्या प्रश्नावर घसरला तो प्रश्न वर्णनाच्या खाली लिहावा लागतो. जसाच्या तसा, अक्षर न बदलता, विचारणाऱ्याच्या नावासकट. त्याला सगळे घसरगुंडी म्हणतात. म्हणजे वर्णन बदललं की पुन्हा तोच प्रश्न विचारून बघता येतो, आता घसरतो का. चहा पिता पिता अख्खा विभाग त्या दिवशीच्या घसरगुंड्या वाचतो आणि हसतो. ही रीत नवऱ्यानेच सुरू केली होती. मी तेव्हा टाळी दिली होती.

म्हणजे माझी घसरगुंडी काय असणार? माझ्या नावाखाली, माझ्या नवऱ्याचं नाव, नवीचं नाव, संध्याकाळी किती वेळ एकत्र होते, खरं सांग.

छे.

मी पळवाट शोधली. हाच प्रश्न दुसऱ्यांबद्दल विचारू आणि ती घसरगुंडी टाकू. ऑफिसातल्या एकेका जोडीची नावं घालून बघितली. हिशेबवाले दोघं, स्वागतकक्षातली आणि तिची मैत्रीण, स्वतः मॅडम आणि त्यांचा मदतनीस, म्हणजे माणूस-मदतनीस. एकही उत्तर चुकलं नाही. कारण बाकीची माणसं काम संपलं की पान बंद करतात, आणि माझा नवरा आयुष्यात कुठलीच गोष्ट बंद करत नाही. कपाटाचं दार, टूथपेस्टचं झाकण, नळ, तोंड. ऑफिसातल्या त्याच्या संगणकावर ते पान गेला महिनाभर उघडंच पडलं असणार. पण जोडी व्हायला दुसरं पानही उघडं लागतं. मग नवी संध्याकाळी त्या पानावर काय करत होती?

हे विचारायला मी तिलाच फोन केला. बाळ मांडीवर, फोन खांदा आणि कानाच्या मधे.

"ताई?" ती म्हणाली. आवाजात घाबरी लगबग. "बाळ कसं आहे? सरांनी फोटो दाखवला. नाक अगदी तुमचं."

"नाक त्याचं आहे. ऐक, 'सोबतीची वेळ'मधलं माझं वाक्य तू का काढलंस?"

"कुठलं?"

"कुठलं काय? उघड्या पानाचं."

"अच्छा, ते." ती थोडी थांबली, आणि मग तिच्या आवाजाने कमरेला पदर खोचला. "कारण त्या वाक्यामुळे मदतनीस त्या साधनाकडे फिरकतच नव्हता, ताई. वापरू नये, वापरू नये असं वाचून तो बिचारा प्रत्येक वेळी म्हणायचा, माझ्याकडे हे सांगायचं साधन नाही. तुम्ही त्याला इतकं भिववून ठेवलं होतं की डब्याला हात लावत नव्हता."

हे मला माहीत नव्हतं. खोटं ठरवावं म्हणून मी मनातल्या मनात धडपडले, पण ते खरं वाटत होतं. तोंड कडू झालं.

"पण आता तो उघड्या पानांना माणसं समजतोय," मी म्हटलं. "तुझी आणि माझ्या नवऱ्याची जोडी त्यामुळेच पहिली आली. त्याचं पान नुसतं उघडं असतं. तो तिथे नसतोच."

ती हळूच म्हणाली, "तरीच."

"तरीच काय?"

"मी संध्याकाळी थांबून तुमची जुनी वर्णनं वाचत बसायचे. पान कुणाकुणाचं उघडं आहे ते वर दिसतं, तिथे सरांचं नाव असायचं. मला वाटायचं तेही आहेत. एकदा मी लिहिलं, सर, आहात का? उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. हो, बोल, म्हणून."

मला हसू फुटलं. ते दाबताना बाळ हललं आणि कुरकुरलं.

"माझी वर्णनं कशाला वाचत होतीस?"

"काय करणार मग? दिवसभर ऐकायचं, ती असती तर हे असं लिहिलं असतं, ती असती तर एव्हाना झालं असतं. मी मनात म्हणायचे, अशी कोण लागून गेलीय ही! म्हणून बघत होते." ती एका दमात बोलली आणि मग ओशाळली. "राग नका मानू, ताई."

राग कसला! मला तो घास दोनदा चघळावासा वाटला. तो तिथे बसून माझं नाव घेतो? आणि घरी येऊन हिचं? या माणसाला दोन्हीकडे मार खायची हौसच होती.

"पण हे तुम्हाला सापडलं कसं?" नवीने विचारलं. "घसरगुंडी काय आहे?"

मी बाळाचं दुपटं सारखं केलं.

"ताई?"

"आहे एक प्रश्न."

ती मुलगी हुशार आहे. मी कितीही नाकारलं तरी आहे. तिने आणखी विचारलं नाही. म्हणाली, "हे बघा, असं करू का? मी स्वतः तसाच एखादा प्रश्न विचारते, माझ्या आणि सरांच्या नावाने. तोही घसरेलच. माझ्या नावाने टाकते. तुम्ही यात कुठेच नाही. वर्णन माझं, चूक माझी, सापडली पण मलाच. कुणी काही बोलणार नाही."

किती सोपं होतं. तिने दार उघडून धरलं होतं, मी फक्त बाहेर पडायचं होतं. आणि मी हो म्हणायला तोंड उघडलंही. पण मग डोळ्यांपुढे सोमवार आला. मॅडम सगळ्यांसमोर म्हणताहेत, शाबास, स्वतःची चूक स्वतः शोधली, अशी माणसं हवीत. आणि नवी माझ्या खुर्चीत मान खाली घालून लाजतेय. आणि माझा नवरा घरी येऊन बूट काढता काढता सांगतोय, नवीने काय शोधून काढलं माहितीये?

"नको," मी म्हटलं. "सापडली मला. माझ्याच नावाने जाईल."

"बघा हं, ताई. अख्खा विभाग वाचतो."

"वाचू दे."

लाज वाटेल ती वाटेल. पण माझं श्रेय मी तिला देणार नव्हते, फुकट सोडाच, भीक म्हणूनही नाही.

मग आम्ही दोघींनी नवीन वाक्य करायला घेतलं. मी सांगितलं ते तिला घाबरवणारं वाटलं, तिने सांगितलं ते मला उघडं-बोडकं. मधेच बाळ उठलं, त्याचा लंगोट बदलला, फोन तसाच चालू, ती थांबून राहिली. शेवटी ती म्हणाली, "असं? 'हे साधन उघडी पानं मोजतं, माणसं नाही. माणसं खरंच काम करत होती का, हे हवं असेल तर लिहिण्याची वेळ हे साधन वापर.'"

मी ऐकलं. पुन्हा म्हणायला लावलं. नुसतं जाऊ नको म्हणून अडवलं नव्हतं, कुठे जा तेही सांगितलं होतं. मला इतकी वर्षं ही वर्णनं लिहून ते सुचलं नव्हतं.

"बरं आहे," मी म्हटलं. त्याहून जास्त माझ्याच्याने निघालं नाही.

तिने वर्णन बदललं. मी खाली घसरगुंडी लिहिली. जशीच्या तशी. 'खरं सांग' लिहिताना बोटं थांबली, पण रीत म्हणजे रीत. मग तोच प्रश्न मदतनीसाला पुन्हा विचारला. या वेळी त्याने दोन्ही डबे उघडले आणि सांगितलं की दोघांची पानं एकाच वेळी उघडी होती; लिहिताना मात्र फक्त एकच व्यक्ती दिसते, आणि तीही थोडंच; त्यामुळे दोघं एकत्र काम करत होते असं म्हणता येत नाही.

त्या दिवशी नवरा लवकर घरी आला. हसत नव्हता. बूट काढले, हात धुतले, येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसला. मी बाळाला पाजत होते, त्यामुळे पळून जायला जागा नव्हती.

"वाचलं मी," तो म्हणाला.

"सगळ्यांनी वाचलं असेल."

"हिशेबवाल्याने मला विचारलं, काय हो, संध्याकाळी असता कुठे?" त्याने नाक चोळलं. "मला विचारायचंस ना."

"तुला विचारलं असतं तर 'काहीतरीच काय' म्हणाला असतास. त्याला विचारलं तर आकडा तरी मिळाला."

"खोटा."

"खोटा, पण लगेच."

त्याला हसायचं नव्हतं, तरी ओठ हललाच. मग पुन्हा गंभीर झाला. त्याच्या चेहऱ्यावर मला राग शोधायचा होता, पण दुखल्यासारखं काहीतरी सापडलं आणि ते जास्त जड होतं. "तुला खरंच तसं वाटलं?" त्याने विचारलं.

"एक दिवस आणि एक रात्र वाटलं."

"आणि मग?"

"मग दवाखान्याची तारीख सापडली. तू दुपट्याने डोळे पुसत होतास."

त्याने हात पुढे करून बाळाच्या टाचेवर ठेवला, तिथेच राहू दिला.

"तिथे तू माझं नाव घेतोस म्हणे दिवसभर," मी म्हटलं. "आणि घरी तिचं."

"मग काय करू?" तो कळवळून म्हणाला. "तिथे तू नसतेस. आणि घरी सांगण्यासारखं दुसरं काय घडतं माझ्या आयुष्यात?"

आतून आईंचा आवाज आला, "विचार तिला, मीठ घालू की तीच घालणार आहे?"

सोमवारी मीटिंग झाली आणि दुपारी मॅडमचा फोन आला. घसरगुंडी त्यांनी वाचली होती हे त्यांच्या पहिल्या शब्दातच कळलं, कारण त्या खोकून घेत होत्या आणि तो खोकला नव्हता. जोडी रद्द झाली. माझी खुर्ची मला मिळणार होती.

"चूक शोधणारी आणि वाक्य लिहिणारी, या दोघी एका टेबलावर हव्यात," त्या म्हणाल्या. "तू आणि ती. वर्षभर. तिने स्वतः तुझं नाव सांगितलं."

"आणि माझा नवरा?"

"त्याला तक्रार विभागात पाठवतेय. पानं बंद करायला शिकेल."

मी 'ठीक आहे, मॅडम' म्हणून फोन ठेवला. हवं होतं ते मिळालं होतं. टेबल माझं, काम माझं, आणि पलीकडे, त्याच्या जागी, ती.

बाळ भुकेने मुठी चोखत होतं. त्याला जवळ घेतलं, एका हाताने लॅपटॉप पुढे ओढला आणि नवीचं वाक्य उघडलं. चूक शोधायला. एखादा शब्द जास्त असेल, एखादा उगाच सुंदर असेल. बाळाने डोळे मिटून, माझं बोट घट्ट धरून, निवांत प्यायला सुरुवात केली होती. मी वाक्य सरळ वाचलं, मग मदतनीस होऊन वाचलं, मग मॅडम होऊन. कुठेच काही नाही. खिळा ठोकल्यासारखं पक्कं होतं.

बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायला लागले.